नाक खाली, टायर स्वाहा

चोर्ला घाट उतरून केरीच्या सपाटीवर आलेला मुरलेला ड्रायव्हर चहा सांगण्याआधी एक गोष्ट करतो. पुढच्या टायरवर तळहात टेकवून तो आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवतो. पाहणाऱ्याला वाटतं, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं कौतुक चाललंय. कौतुक असेलही, पण त्या वेळी तो टायरला प्रश्न विचारत असतो. हात दोन्हीकडून गुळगुळीत गेला तर बरं. आतून बाहेर नेताना करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर दोन्ही चाकांची तोंडं पुढच्या बाजूला एकमेकांकडे जास्त वळलेली आहेत. बाहेरून आत नेताना लागलं तर उलट, चाकं पुढे फाकलेली आहेत. या परीक्षेला मशीन लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

आज हा विषय काढायला कारण आहे. जुन्या गाड्या राखण्याची हौस आता आपल्याकडेही बरीच पसरली आहे, आणि त्या हौसेबरोबर गाडी ‘खाली बसवण्याची’ फॅशन आली आहे. परदेशातल्या जुन्या पिकअपचे फोटो बघायचे, बंपर जमिनीला टेकेल इतकं नाक खाली आणलेलं दिसतं, आणि मग आपल्याही आजोबांच्या काळातल्या ट्रकचं नाक तसंच खाली हवं असं वाटायला लागतं. दिसायला छान दिसतं, यात वाद नाही. पण पुढची चाकं ट्रकखाली कोणत्या कोनात उभी राहतात हे पाट्यांच्या उंचीवर ठरलेलं असतं. उंची बदलली की कोन बदलतो, आणि बिल टायरच्या दुकानात येतं. बिल टायरचंच आलं तर नशीब म्हणायचं.

डिचोली तालुक्याला ट्रक काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. शिरगाव, मुळगाव, पाळी, सुर्ला, वेळगे या भागातलं खनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या सारमानस, आमोणे, नावेलीच्या जेट्टींवर जायचं आणि तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, त्याच्याही आधीपासून हा धंदा सुरू होता. मुक्तीनंतर घरटी एक ट्रक अशी गावं झाली. टेल्कोने १९५४ साली डेम्लर-बेन्झबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली होती. १९६९ पर्यंत त्या ट्रकांच्या तोंडावर बेन्झचा तारा असायचा, मग तिथे टाटांचा ‘टी’ आला. पुढे लांब नाक, आत जाड स्टेअरिंग आणि खाली एका अखंड लोखंडी ॲक्सलवर बसलेले दोन जाड पाटे. अशा ट्रकांनी कित्येक घरांची लग्नं, शिक्षणं, विहिरी काढल्या.

मग २०१२ चा सप्टेंबर आला. सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही मनाई आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये अटींसह बंदी उठली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. या वर्षांत ट्रक अंगणात, माडाखाली, रस्त्याकडेला उभे राहिले. उभा ट्रक म्हणजे विश्रांती घेणारा ट्रक नव्हे. गोव्याच्या पावसात पाट्यांच्या पानापानांमध्ये गंज चढतो आणि पाटा एकसंध दगडासारखा होतो. किंगपिनमधलं ग्रीस वाळतं, स्टेअरिंग वळवलं तर वळतं, पण आपसूक सरळ होत नाही. ज्यांनी असे ट्रक पुन्हा रस्त्यावर आणले त्यांनी इंजिनावर खर्च केला, रंगावर केला. पुढच्या ॲक्सलखाली वाकून बघणारे थोडे.

माझा मावसभाऊ डिचोलीचा. वहिनी धारवाडच्या. घरात मराठी, स्वयंपाकघरात कानडी आणि अंगणात कोंकणी असा कारभार. त्यांच्याकडे दोन ट्रक होते. नवा होता तो २०१८ च्या बंदीनंतर विकला. जुना नाकवाला मात्र दादाने ठेवला, कारण तो त्याच्या वडिलांनी खनिजाच्या पहिल्या कमाईतून घेतलेला. थोरला मुलगा हुशार. त्याने ट्रक रंगवला, फाळकं पॉलिश केलं आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे भागात, लग्नाच्या फोटोंसाठी तो नेऊ लागला. नवरा-नवरी मागे फुलांत उभी, पुढे समुद्र. मागणी चांगली आली. मग कुणीतरी म्हणालं, नाक जरा खाली घे, फोटोत रुबाब येईल. एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही पाट्यांतली दोन-दोन पानं काढली, उरलेल्यांचा बाक ठोकून कमी केला, आणि ट्रकचं नाक तीन इंच खाली आलं.

दोन महिन्यांत पुढचे टायर खाल्ले गेले. अलाइनमेंट करून आणली. पुन्हा खाल्ले. पुन्हा अलाइनमेंट. तिसऱ्या खेपेला संगणकाचा छापील कागद मिळाला, त्यावर काही आकडे हिरवे आणि दोन लाल. लालचं काय, असं विचारलं तर दुकानातला मुलगा म्हणाला, ते या गाडीला ॲडजस्ट होत नाहीत. त्याचं उत्तर खरं होतं, पण अर्धं.

आणि मग धारगळजवळचा प्रसंग. अस्नोडा, कोलवाळ करत पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो आणि चौपदरी महामार्गावर आपोआप वेग येतो. डिचोलीच्या वळणांत तिशी-चाळिशीत जो दोष झाकला जात होता तो इथे साठीत उघडा पडला. रस्त्यातल्या एका उंचवट्यावर पुढची चाकं आपटली, ट्रक कुणी हात धरून ओढावा तसा शेजारच्या पट्ट्यात गेला आणि स्टेअरिंग परत यायचं नाव घेईना. शेजारी गाडी नव्हती म्हणून निभावलं. वहिनी केबिनमध्ये होत्या. त्या दिवसापासून मुलगा चावी उचलताना दिसला की त्यांचं ‘नोडकोंडु होगप्पा’ सुरू व्हायचं, आणि तेवढ्यावर भागत नाही म्हणून त्यांनी एक दिवस चावीच देवघरात ठेवली. बापलेकांत अबोला झाला. दादा म्हणे, आमच्या बाबांचा ट्रक तू बिघडवलास. मुलगा म्हणे, मी मिळवतो म्हणून तो उभा तरी आहे. मला बोलावलं ते टायरसाठी कमी आणि पंचायतीसाठी जास्त.

आता कोनांची गोष्ट. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पुढच्या चाकांचे तीन हिशेब असतात. पहिला टो-इन, वर तळहाताच्या परीक्षेत आला तो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असतात. अशा ट्रकांना साधारण दोन-तीन मिलिमीटर, नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात. हा टाय रॉड फिरवून बदलता येतो. दुसरा कॅम्बर. समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं की कललेलं. तिसरा कास्टर, तो समजून घ्यायला सायकल बघावी. सायकलचा पुढचा चिमटा मागे रेललेला असतो, म्हणूनच हात सोडले तरी चालती सायकल सरळ जायला बघते. ट्रकचा किंगपिन तसाच मागे रेललेला असतो, दोन-तीन अंश. वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येतं त्यात मोठा वाटा कास्टरचा.

सीमाभागातल्या वाचकांना इथे एक गंमत सांगायला हरकत नाही. कानडीत गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे वारा, हवा. ल आणि ळ एवढाच फरक. आमच्या वहिनींना दोन्ही शब्द नीट माहीत आहेत, पण दुकानदार टायर खाल्ला म्हणून आधी हवाच तपासतो तेव्हा त्या म्हणतात, याला गालीचं विचारलं तर हा गाळीचं सांगतो. अर्थात हवा आधी तपासावीच. एका बाजूला हवा कमी असेल तरी गाडी त्या बाजूला ओढते आणि बाकीचा सगळा तपास फुकट जातो.

तर, नाक तीन इंच खाली आणलं म्हणजे नक्की काय झालं? तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४.२ मीटर धरू. मागची उंची तीच ठेवून पुढून ७५ मिलिमीटर उतरवलं तर सगळी चासी जवळजवळ एक अंशाने पुढे झुकते. तिच्याबरोबर पाटा झुकतो, पाट्याबरोबर ॲक्सल, आणि ॲक्सलबरोबर किंगपिन. मागे रेललेला किंगपिन एक अंश पुढे आला. मुळात दोन-तीन अंशच होते, त्यातला एक गेला. म्हणजे ट्रकची सरळ जाण्याची ओढ तिसरा हिस्सा ते निम्मी कमी झाली. वाऱ्याने, खड्ड्याने, रस्त्याच्या उताराने तो भरकटणारच.

यात आणखी एक खोच आहे. मागे भार भरला की मागचे पाटे दबतात, चासी पुन्हा मागे झुकते आणि हरवलेला कास्टर काही अंशी परत येतो. म्हणून नाक उतरवलेला ट्रक भरलेला असताना शहाण्यासारखा चालतो आणि रिकामा असताना वेडावाकडा. आमचा ट्रक फुलं आणि नवरा-नवरीपलीकडे काही वाहतच नव्हता.

खनिजाच्या ट्रकांची तक्रार याच्या बरोबर उलटी असायची. तिथे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने मागचे पाटे बसायचे, नाक वर उचललं जायचं आणि कास्टर वाढायचा. स्टेअरिंग जड, आणि किंगपिनचे बुश झिजले असतील तर ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागायची. ड्रायव्हर म्हणायचे, गाडी नाचते. ट्रक पुढून खाली आहे की मागून हे न बघता ‘अलाइनमेंट करा’ म्हणणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. अखंड ॲक्सलच्या ट्रकला अलाइनमेंटच्या दुकानात सहज फिरवता येतो तो फक्त टो. कास्टर आणि कॅम्बर दाखवणारे आकडे लाल राहतात ते त्यामुळे. दुकानदार लबाड असतोच असं नाही, त्याच्या हातात पाना एकाच जागेचा आहे.

तरीही टो चुकला तर काय होतं त्याचा हिशेब जाणून घ्यावा. ९.००-२० च्या टायरचा व्यास साधारण एक मीटर. दोन्ही चाकांत मिळून सहा मिलिमीटर चूक म्हणजे प्रत्येकाची तीन. दर मीटरला तीन मिलिमीटर आडवं घासणं, म्हणजे किलोमीटरला तीन मीटर. शंभर किलोमीटरच्या फेरीत तो टायर तीनशे मीटर आडवा फरफटतो. कुणी आपल्याला पायातल्या चपलेसकट तेवढं फरफटवलं तर चपलेचं काय राहील?

डिचोलीत एक वयस्कर मेस्त्री आहेत, आयुष्यभर खनिजाच्या गाड्या केलेले. त्यांनी ट्रक बघितला आणि पहिलं काम केलं ते पाना न उचलण्याचं. ट्रक सपाट जागेवर उभा करवला, दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला. डाव्या बाजूला बारा मिलिमीटर कमी. म्हणजे पुढचा ॲक्सल तिरका बसलेला. पाटा सपाट केला की तो लांब होतो. पुढचं टोक पिनने पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर झुलतं, त्यामुळे लांबी वाढली की ॲक्सल मागे सरकतो. दोन्ही पाटे सारखे ठोकले नाहीत तर एक बाजू जास्त सरकते. हातोड्याने ठोकलेले पाटे सारखे होणार कसे? पाट्याचं पोलाद ताव देऊन, विझवून, ठरावीक कडकपणाला आणलेलं असतं. भट्टीत तापवून त्याचा बाक काढला की तो कडकपणा जातो. असा पाटा आज दिसायला ठीक असतो आणि पावसाळ्यानंतर आणखी बसतो.

मग ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचललं. टायरला वर-खाली धरून हलवलं. खडखड आली. मुलाला म्हणाले, ब्रेक दाब. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची प्लेट एक होतात, तेव्हा खडखड गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. राहिली. किंगपिन बुश गेलेले. कॅम्बरचा लाल आकडा त्याचाच होता. अखंड ॲक्सलच्या ट्रकला उंची कमी केल्याने कॅम्बर बदलत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर उभी असतात. तो बदलला असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा काहीतरी झिजलंय. हे ज्याला माहीत आहे त्याचा अर्धा दिवस वाचतो.

परदेशी पिकअपची गोष्ट इथेच वेगळी होते. अमेरिकेतल्या १९६० नंतरच्या शेवरलेट पिकअपना पुढे दोन्ही चाकांचे स्वतंत्र हात असतात, आपल्या ॲम्बॅसेडरला होते तसे. त्यांची स्प्रिंग कापली की चाकांची डोकी आत कलतात आणि टायरची आतली कड जाते. तिथले जाणकार स्प्रिंग कापण्याऐवजी चाकाचा खुंटच उंचावर बसवलेला दुसरा सुटा भाग घालतात, म्हणजे हातांचे कोन न हलवता गाडी उतरते. अखंड ॲक्सलच्या जुन्या गाड्यांना तिकडे मध्ये जास्त बाक दिलेला ॲक्सल घालतात आणि पाटे जवळजवळ तसेच ठेवतात. फोटोत हे काहीच दिसत नाही, दिसतं ते फक्त जमिनीला टेकलेलं नाक. आपल्याकडे मग पानं काढतात, नाहीतर पाटा आणि ॲक्सलमध्ये ठोकळे घालतात. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा घालू नये, हे मेस्त्रींचं मत आणि माझंही. ब्रेक मारला की सगळा जोर तिथेच येतो आणि ठोकळा तिरपा व्हायला बघतो.

धारगळला ट्रक एकदम बाजूला का गेला? त्याचं कारण नुसता कास्टर नव्हता. स्टेअरिंगच्या पेटीतून एक लांब दांडा पुढच्या चाकाकडे जातो, ड्रॅग लिंक. खड्ड्यात ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा तो पाट्याच्या पुढच्या पिनभोवती एक कमान काढतो आणि ड्रॅग लिंकचं टोक पेटीभोवती दुसरी कमान काढतं. कंपनीने या दोन कमानी कशाबशा जुळवलेल्या असतात. चासी तीन इंच उतरली की दांड्याचा कोन बदलतो, कमानी जुळत नाहीत, आणि प्रत्येक उंचवट्यावर दांडा चाकाला थोडं वळवतो. ड्रायव्हरने स्टेअरिंग न हलवता चाक वळतं. त्यात कास्टर कमी, म्हणजे परत सरळ करणारी ओढ नाही. त्यात बुश झिजलेले. तीन दोष एका उंचवट्यावर एकत्र आले.

आणखी एक बारकी गोष्ट, ती मला फार आवडली. उतरवल्यावर स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही तिरकं दिसायला लागलं होतं, म्हणून कुणीतरी चाक काढून सरळ करून बसवलं होतं. स्टेअरिंगच्या पेटीचे दाते मधोमध सर्वात घट्ट असतात, बाजूंना थोडे सैल. ड्रॅग लिंकची लांबी न जुळवता वरचं चाकच फिरवून बसवलं की ट्रक सरळ धावताना पेटी आपल्या मधल्या जागेवर नसते, सैल भागात असते. मेस्त्री म्हणाले, टोपी सरळ केली, मान तिरकीच.

मग इलाज. मुलाला थोडंतरी खाली हवंच होतं. दादाला मूळ उंची. मेस्त्रींनी वादात न पडता सांगितलं, ठोकलेल्या पाट्यांवर मी हात ठेवणार नाही. नवे पाटे, पूर्ण पानांचे. बाक हवा तर बनवणाऱ्याकडूनच थोडा कमी घ्या, एक इंचापेक्षा जास्त नाही. शेवटी तेवढ्यावर समेट झाला, आणि वहिनींनी मुलाला एक सल्ला दिला: फोटोग्राफरला स्टुलावर चढव, ट्रक आपोआप खाली दिसेल. मी हसलो, पण सल्ला पक्का होता.

एक इंच उतरवल्यावर कास्टर तिसऱ्या हिश्शाने एक अंश, म्हणजे वीसेक मिनिटं, कमी होतो. उरलेली उणीव जुन्या झिजेची होती. ती भरायला पाट्याखाली पाचर घातली. कानडीत बेणे म्हणतात तीच. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर पाचरेची जाड बाजू मागे ठेवायची, म्हणजे किंगपिन मागे रेलतो. दोनशे मिलिमीटर लांबीच्या बैठकीवर एका अंशासाठी एक टोक दुसऱ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर जाड लागतं, बस्स. पण ती पोलादाची, मशीनवर तासलेली हवी आणि दोन्ही बाजूंना सारखी. वॉशर रचून किंवा पत्र्याचे तुकडे घालून केलेली पाचर यू-बोल्टचा ताण आठवड्यात सैल करते. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम कुणाही टर्नरला समजावून सांगता येतं. मधला सेंटर बोल्ट थोडा लांब घ्यावा लागतो, आणि त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय ना हे डोळ्याने बघावं, नाहीतर तोच ॲक्सल पुन्हा तिरका.

किंगपिन, बुश, टाय रॉडची टोकं बदलली. ड्रॅग लिंक जुळवून पेटी मधोमध आणली. दोन्ही बाजूंचा टेप सारखा आला. आणि हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, टो. तोही अंगणातच. टायरच्या मध्यावर खडूने रेघ, ॲक्सलच्या उंचीला पुढच्या बाजूने दोन रेघांतलं अंतर मोजलं, ट्रक अर्धा फेरा पुढे ढकलला, त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजलं. पुढे ढकलायचा, मागे नाही, कारण मागे घेतला की सांध्यांतली ढिलाई दुसऱ्या बाजूला बसते आणि आकडा खोटा येतो. नंतर दुकानात मशीनवर तपासलं, एका मिलिमीटरचा फरक निघाला. मेस्त्रींनी त्याचा काही आनंद दाखवला नाही.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण घरात त्यावरूनही खडाजंगी झाली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली कंपनीने दिलेल्या मूळ बनावटीत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठणकावून सांगितलं. केंद्राने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे लग्नाचं भाडं घ्यायचं आणि विंटेजची पाटीही लावायची, हे जमत नाही. आपल्या ट्रकची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे हे आधी आरटीओत विचारून घ्यावं आणि मगच पाट्यांना हात लावावा. काढलेली जुनी पानं भंगारात देऊ नयेत. दादाने ती माळ्यावर ठेवली आहेत, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून.

चावी देवघरातून बाहेर आली, पण एका अटीवर. नवे यू-बोल्ट बसवले की काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण पानं आणि पाचर आपापल्या जागी दबतात. ते आवळल्याशिवाय ट्रक कोलवाळच्या पुलापलीकडे न्यायचा नाही. मुलाने एका कागदावर किलोमीटरचा आकडा लिहून तो केबिनमध्ये चिकटवला आहे, मराठीत. खाली वहिनींनी कानडीत तोच आकडा पुन्हा लिहिला आहे.

उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या ब्रेकचं दुखणं या सगळ्यापेक्षा वेगळं आणि जास्त फसवं असतं. ते पुढच्या खेपेला, पावसाळ्याआधी.